साल ठरवा, मग डबा बांधा: जुन्या अमेरिकी मालडब्यांची मॉडेल्स

मॉडेल रेल्वेच्या छंदात येणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. माझं मत असं की हातानं काही बनवायचं असेल तर सुरुवात मालडब्यापासून करावी, आणि तीही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी लाकडी मालडब्यापासून. तो डबा लाकडी तुळया, फळ्या, लोखंडी सळ्या आणि थोडे ओतीव भाग एवढ्यातूनच बनत असे. त्यामुळे त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घरच्या टेबलावर, कुठल्याही यंत्राशिवाय पुन्हा बनवता येते. शिवाय तो आखूड असे. ३४ फुटी डबा एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणात जेमतेम १२ सेंटिमीटर भरतो. छोटं ४-४-० इंजिन (पुढे चार लहान चाकं, मग गाडी ओढणारी चार मोठी, मागे एकही नाही) आणि असे सहा डबे मिळून अख्खी गाडी साधारण एका मीटरमध्ये बसते, आणि ४५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावरून जातानाही ती बेढब दिसत नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीलगतची एक फळी एवढीच जागा मिळणाऱ्यांसाठी हा फार मोठा फायदा आहे.

आपल्याकडची गाडी का नको, असं कुणी विचारेल. जरूर करावी, पण दुसऱ्या टप्प्यात. एचओचे रूळ १६.५ मि.मी. रुंदीचे असतात आणि ते १४३५ मि.मी.च्या, म्हणजे ४ फूट ८½ इंची मार्गासाठी बरोबर बसतात. बोरीबंदर ते ठाणे या १८५३च्या मार्गापासून आपल्याकडे रुजलेला रुंद मार्ग १६७६ मि.मी.चा, तो त्याच प्रमाणात १९.२ मि.मी. होतो. तसे रूळ तयार मिळत नाहीत, ते हातानं टाकावे लागतात. नवख्या माणसावर एकाच वेळी रूळ आणि डबे अशी दोन ओझी टाकू नयेत.

आधी साल

जुन्या काळाचं मॉडेल करताना पहिला निर्णय रेल्वे कंपनीचा नसतो, डब्याच्या प्रकाराचाही नसतो. तो सालाचा असतो. १८६० ते १९१० या पन्नास वर्षांत अमेरिकी मालडबा इतका बदलला की "जुना डबा" एवढं म्हणून काहीच ठरत नाही. साल ठरलं की लांबी, जोडणी, ब्रेक, शिड्या आणि अक्षरं यांचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

१८७०च्या दशकात डबा साधारण २८-३० फुटांचा आणि दहा ते पंधरा टन माल नेणारा असे. १८८०च्या दशकात ३४ फूट आणि ४०,००० पौंड ही क्षमता सर्रास दिसू लागली, आणि १८९०च्या दशकात ६०,००० पौंड. अमेरिकन रेल्वे असोसिएशननं १९०१ साली बॉक्सकारच्या, म्हणजे भिंती-छताच्या बंद मालडब्याच्या, आतल्या मापाचं प्रमाण ठरवलं ते ३६ फूट लांब, ८½ फूट रुंद, ८ फूट उंच असं. तोपर्यंत कोळशासाठी पोलादी डबेही रुळांवर आले होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जोडणीची. १८८०च्या दशकापर्यंत बहुतेक मालडबे कडी आणि खिळीनं जोडले जात. ब्रेकमन दोन डब्यांच्या मधे उभा राहून लोखंडी कडी हातानं समोरच्या खोबणीत घालायचा आणि वरून खिळी सोडायचा. डबे एकमेकांवर आदळत असताना हे करायचं, त्यामुळे बोटं जाणं हे रोजचंच होतं आणि जीवही जात. एलाय जॅनी यांनी बोटं मुडपलेल्या हातासारख्या आपोआप अडकणाऱ्या कपलरचं पेटंट १८७३ साली घेतलं. मास्टर कार बिल्डर्स असोसिएशननं १८८७ मध्ये त्या धाटणीचा कपलर प्रमाण म्हणून स्वीकारला. आयोवाचे शेतकरी लोरेन्झो कॉफिन यांनी वर्षानुवर्षं या सुधारणांचा पाठपुरावा केला. अखेर २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स कायद्यावर सही केली. स्वयंचलित कपलर आणि एअर ब्रेक बसवण्याची मुदत १ जानेवारी १८९८ होती, ती पुढे १ ऑगस्ट १९००पर्यंत वाढवली गेली. शिड्या आणि हातकड्या नेमक्या कुठे हव्यात याचे एकसारखे नियम तर १९११ साली आले.

माझी शिफारस १८८८-१८९२ या वर्षांची आहे. या काळात जुनं आणि नवं एकाच गाडीत शेजारी शेजारी दिसतं. एका डब्याला कडी-खिळी, दुसऱ्याला नवा कपलर; एकाला फक्त हातब्रेक, दुसऱ्याखाली एअर ब्रेकची टाकी. नव्या कपलरच्या बोटात तेव्हा मुद्दाम एक खाच आणि एक भोक ठेवलेलं असे, म्हणजे जुन्या डब्याची कडी त्यात अडकवता येई. इतकं बारीक काही मॉडेलमध्ये दाखवता आलं तर त्यातला आनंद वेगळाच.

साल ठरल्यावर त्या सालाचे फोटो शोधा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात यादवी युद्धाच्या काळापासूनचे रेल्वेचे फोटो मोठ्या आकारात विनामूल्य पाहता येतात. मास्टर कार बिल्डर्स असोसिएशननं १८७९ साली डब्याच्या प्रत्येक भागाचा सचित्र कोश छापला होता; तो आता स्वामित्वहक्काबाहेर आहे. भागांची नावं आणि आकार शिकायला त्याहून चांगला गुरू नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींना सॅक्रामेंटोचं राज्य रेल्वे संग्रहालय जवळ आहे, पूर्व किनाऱ्यावरच्यांना बाल्टिमोरचं बी अँड ओ संग्रहालय. तिथे गेलात तर इंजिनांसमोर सगळे उभे राहतात, तुम्ही डब्यापाशी वाकून खालचे फोटो काढा. डब्याचं खरं शरीर खालीच असतं.

मापं आणि सामान

एचओ म्हणजे १:८७. १ फूट म्हणजे ३.५ मि.मी. आणि १ इंच म्हणजे ०.२९ मि.मी., एवढी दोन मापं पाठ करा. ३४ फूट म्हणजे ११९ मि.मी., साडेआठ फुटांची रुंदी म्हणजे जवळजवळ ३० मि.मी., ३३ इंची चाक म्हणजे ९.६ मि.मी.

सामान विकत घेताना परदेशी यादी बघून घाबरू नका. गुण्या, बारीक कानस, छोटी पकड, चिमटा आणि बारीक पात्याची करवत सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळते, आणि ती हत्यारं छंदासाठीच्या संचांपेक्षा बहुतेक वेळा चांगली निघतात. ०.४ आणि ०.५ मि.मी.चे ड्रिल बिट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानात मागा. सर्किट बोर्डाला भोकं पाडायला ते वापरतात. ते ठिसूळ असतात, म्हणून हातानं फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये सरळ धरून चालवा. कटरचं पातं बोथट झाल्यावर नाही, होण्याआधी बदला.

डब्यासाठी स्टायरीन या प्लॅस्टिकची पातळ शीट आणि पट्ट्या उत्तम. लाकूडच हवं असेल तर प्लायवूडवर लावायचं व्हेनीअर बघा. ते साधारण अर्धा मि.मी. जाड असतं, म्हणजे जवळपास दोन इंची फळीएवढं. मात्र सागाच्या रेषा या प्रमाणात फार मोठ्या दिसतात, म्हणून बारीक, फिक्या रेषांचा तुकडा निवडा. एक इशारा: लाकूड वापरलंत तर दोन्ही बाजूंना सँडिंग सीलर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच बाजूला लावलेला डबा जुलैच्या दमट हवेत हळूहळू धनुष्य होतो. पहिल्या डब्यासाठी तरी स्टायरीनच घ्या, ते पावसाळ्याकडे लक्ष देत नाही.

स्टायरीन जोडायला पातळ, ब्रशनं लावायचा सिमेंट हवा. तो प्लॅस्टिक विरघळवून सांधतो, म्हणून थेंबभर पुरतो, आणि खिडकी उघडी ठेवूनच वापरायचा. धातू आणि नायलॉनसाठी फेविक्विक, बोगीचा (इथे बोगी म्हणजे अख्खा डबा नव्हे, डब्याखालची चार चाकांची वळणारी चौकट) स्क्रू वगैरे भार घेणाऱ्या जागी अराल्डाइट. फेविक्विक थेट बाटलीतून सोडू नका. जुन्या झाकणात थेंब काढा आणि टाचणीच्या टोकानं लावा.

बोग्या, कपलर आणि काही ओतीव भाग मात्र विकतच घ्यावे लागतात. त्या काळच्या बोगीला आर्चबार म्हणतात; वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या बाजूंमधून आरपार दिसणारी, हिऱ्याच्या आकाराची चौकट. केडी आणि टिची या दोन्ही कंपन्यांच्या आर्चबार बोग्या एचओमध्ये मिळतात. टर्नबकल (पिळून सळी ताणायचा दुवा), क्वीन पोस्ट (सळीला खाली धरणारा खुंट), नट-वॉशर यांचे बारीक भाग टिचीकडे आहेत. कपलर केडीचे घ्या, त्यातही मोठ्या जुन्या डोक्याऐवजी ५८ क्रमांकाचं लहान डोकं. आखूड डब्यावर मोठं डोकं डोळ्यांत खुपतं.

पहिला डबा: फ्लॅटकार

बॉक्सकारचा मोह होतो, पण पहिला डबा उघडा सपाट फ्लॅटकार करा. भिंती नाहीत, छत नाही, त्यामुळे सगळं लक्ष सांगाड्यावर राहतं. आणि हाच सांगाडा पुढे बॉक्सकारखाली जाणार आहे.

बांधायच्या आधी तो डबा उभा कसा राहत असे ते नीट समजून घ्या, कारण मग भाग कुठे लावायचा हे चित्र न बघताही कळतं. ३४ फूट लांबीच्या सहा ते आठ लाकडी तुळया, दोन्ही टोकांना ओकची जाड आडवी तुळई, आणि आधार फक्त दोन ठिकाणी, बोग्यांवर. वर वीस टन माल. लाकूड मधे झुकणारच. म्हणून डब्याखालून लोखंडी सळ्या ताणलेल्या असत, त्यांना ट्रस रॉड म्हणतात. सळी टोकाच्या तुळईत नट-वॉशरनं अडकते, बोल्स्टरवरून, म्हणजे बोगीवर टेकणाऱ्या आडव्या तुळईवरून जाते, तिथून तिरकी खाली उतरते, मधल्या दोन आडव्या तुळयांखाली बसवलेल्या क्वीन पोस्टच्या टोकावरून आडवी जाते आणि दुसऱ्या बाजूला तशीच वर चढते. बरोबर मध्यावर टर्नबकल. डबा कालांतरानं पोटात झुकला की कारखान्यात टर्नबकल पिळून तो पुन्हा सरळ करत. सुंभाची बाज सैल झाल्यावर आपण पायथ्याकडची दोरी ओढतो तसंच.

आता कामाला लागू. १ मि.मी. स्टायरीनचा ११९ × २९ मि.मी.चा तुकडा कापा आणि चारही कोपरे गुण्यानं तपासा. कोपरा चुकला तर पुढचं सगळं तिरकं जातं, म्हणून इथे घाई नको. त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं मध्यरेषा काढा. टोकांपासून १७.५ मि.मी.वर बोल्स्टरच्या रेषा, आणि डब्याच्या मध्यापासून दोन्हीकडे १४ मि.मी.वर आडव्या तुळयांच्या रेषा.

तुळयांसाठी १.५ × २.५ मि.मी.ची पट्टी उभी लावायची. बाहेरच्या दोन कडेला, मधल्या दोन मध्यरेषेपासून अडीच मि.मी.वर. या दोन जोड्यांच्या मधल्या तुळया चाकांच्या डोक्यावर येतात, आणि आपल्या चाकांची कड खऱ्यापेक्षा उंच असल्यामुळे तिथे घासतात. म्हणून त्या फक्त डब्याच्या मधल्या साडेपाच सेंटिमीटरांत लावा. बोग्यांच्या वरचा भाग कुणालाही दिसत नाही. मधल्या दोन तुळया टोकाशी कपलरच्या पेटीएवढ्या आखूड करा.

बोल्स्टर म्हणजे स्टायरीनचा जाड आडवा तुकडा. त्याच्या मध्यात बोगीच्या स्क्रूसाठी भोक. हे भोक मध्यरेषेवर नेमकं हवं. बोग्या आणि कपलर आताच तात्पुरते लावून डबा रुळावर ठेवा. रुळाच्या माथ्यापासून कपलरचा मध्य सुमारे १० मि.मी.वर यायला हवा. केडीचा उंची मापक घेतलात तर अंदाज करावा लागत नाही. डबा खाली बसला असेल तर बोगी आणि बोल्स्टरमध्ये पातळ वॉशर घाला. बोगी दोन्हीकडे वळवून चाक कुठे टेकतं का ते पाहा, टेकत असेल तिथे तुळई खरवडा. हे सगळं आता सोपं आहे, सळ्या लावल्यावर फार कठीण.

मग वरची फळ्यांची जमीन. ०.५ मि.मी. जाड, सव्वादोन मि.मी. रुंद पट्ट्या आडव्या, एकेक करून. फळ्या किंचित लांब ठेवा आणि सुकल्यावर एकदम कापा. एखादी फळी केसभर वर, एखादी अरुंद, दोन-तीन नव्या बदललेल्या वाटाव्यात अशा. बारीक पॉलिश पेपर लांबीच्या दिशेनं एकदाच फिरवला की लाकडाचा भास येतो. करवतीनं मोठमोठ्या रेषा ओढून लाकूड दाखवायचा मोह आवरा. ८७ पट लहान केलेल्या पाइनच्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाहीत.

आता ट्रस रॉड. खरी सळी एक ते सव्वा इंच जाडीची, म्हणजे आपल्यासाठी ०.३ ते ०.३५ मि.मी. मासे पकडायची नायलॉनची दोरी या जाडीत स्वस्त मिळते. ती ताणून सरळ राहते आणि हात लागला तरी वाकत नाही. चार सळ्या हव्यात. दोन आतल्या मध्यरेषेपासून ४ मि.मी.वर, दोन बाहेरच्या १२ मि.मी.वर, म्हणजे चाकं दोन्हींच्या मधे मोकळी फिरतात. आडव्या तुळयांखाली क्वीन पोस्ट लावा आणि पूर्ण सुकू द्या. बोल्स्टरमध्ये ०.४ मि.मी.ची भोकं शक्य तितकी वर, जमिनीच्या तळाला लागून पाडा. दोरीचं एक टोक तिथे फेविक्विकनं पक्कं करा, टर्नबकल आधीच दोरीत ओवा (हे विसरलं तर सगळं उलगडावं लागतं), क्वीन पोस्टच्या खाचेतून नेऊन दुसऱ्या बोल्स्टरमध्ये घाला. ताण देताना डब्याकडे बाजूनं बघत राहा. दोरी सरळ झाली की थांबा. जास्त ओढली तर एक मि.मी. स्टायरीन खुशाल कमान होतं. चारही सळ्या बसल्यावर टर्नबकल एका ओळीत आणून चिकटवा.

बोल्स्टरपासून टोकाच्या तुळईपर्यंतचा सळीचा भाग मी लावत नाही. तो चाकांच्या वर लपतो आणि तीव्र वळणावर अडचण करतो. टोकाच्या तुळईवर बाहेरून दिसणारे नट-वॉशर मात्र चारही हवेतच.

कडेच्या तुळयांवर माल बांधायच्या खुंटांसाठी लोखंडी खोबणी असत. स्टायरीनच्या पट्टीचे इंग्रजी यू आकाराचे तुकडे समान अंतरावर, दर बाजूला आठ ते दहा लावा. अंतर आखून घ्या; डोळा लगेच चूक पकडतो.

शेवटी हातब्रेक. एका टोकाला उभा दांडा, वर चाक, खाली साखळी गुंडाळायची जागा आणि तिथून बोगीकडे जाणारी ओढसळी. त्या काळच्या कित्येक डब्यांना ब्रेक एकाच बोगीला असे, म्हणून दुसऱ्या बोगीचे ब्रेकचे ठोकळे कापून टाकलेत तरी ते खरंच ठरेल. दांड्याला ०.३ मि.मी.ची पितळी तार घ्या. तुमचं साल १८९० असेल आणि डबा एअर ब्रेकचा नसेल, तर खाली टाकी-सिलिंडर काहीही लावू नका.

किटचा बॉक्सकार मागच्या काळात नेणं

दुसऱ्या डब्यासाठी ३६ फुटी लाकडी बॉक्सकारचा प्लॅस्टिक किट घ्या. अ‍ॅक्युरेलचे किट साधे आहेत (राउंडहाउसचे जुने किटही तसेच असत), सांगाडा वगळता कवच एकसंध येतं. हे डबे सामान्यतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे दिसतात. ते १८९०कडे न्यायचे तर तीन बदल पुरेसे ठरतात: लांबी कमी, सांगाडा नवा, शिड्या-हातकड्या बारीक.

लांबी कमी करताना दाराला हात लावू नका. ३६ फुटांचा डबा ३२ फुटांवर आणायचा तर एकूण १४ मि.मी. काढायचे आहेत, म्हणजे प्रत्येक टोकाकडून ७. टोकाची भिंत कोपऱ्यापासून दोन-तीन फळ्या आत, फळ्यांच्या मधल्या खाचेतच करवतीनं उतरवा. कवचाभोवती चिकटपट्टी गुंडाळली की करवत सरळ चालते. मग कवचाचे सात मि.मी. तसेच खाचेत कापून काढा, कड सपाट घासा, टोक परत जोडा. सांधा खाचेत असल्यामुळे रंगाखाली दिसत नाही. आतून स्टायरीनच्या पट्टीचा जोड द्या. दोन्ही बाजूंना सात म्हणजे सात; दार मध्यातून हललं तर डबा कायम चुकीचा वाटत राहतो. किटचा सांगाडा बाजूला ठेवा आणि फ्लॅटकारसारखाच नवा करा, फक्त वरच्या फळ्यांशिवाय. लांबी ११२ मि.मी., बाकी रीत तीच.

कवचावर ओतलेल्या जाड हातकड्या नव्या पात्यानं, पातं जवळजवळ आडवं धरून खरवडा. खालच्या फळ्यांच्या खाचा थोड्या बुजतात, त्या टाचणीनं पुन्हा ओढा. नवी हातकडी तारेची. खरी कांब पाच सूत, म्हणजे ५/८ इंच जाडीची, म्हणून ०.२५ मि.मी.ची तार पुष्कळ झाली. गिटारची सर्वांत पातळ तार याच जाडीची असते आणि ती कडक असते. पण पोलादी तारेनं चांगल्या कटरला खाच पडते, तेव्हा त्यासाठी जुनी पकड वेगळी ठेवा. सगळ्या हातकड्या सारख्या यायला हव्या असतील तर धातूच्या पट्टीच्या तुकड्याभोवती तार वाकवा, म्हणजे रुंदी बदलत नाही. १९११ च्या आधी शिडी कुठे हवी याची सर्वांना लागू अशी पद्धत नव्हती, त्यामुळे इथे तुमच्या फोटोवर विश्वास ठेवा, किटच्या सूचनापत्रकावर नाही.

छतावरच्या चालायच्या फळ्या किटमध्ये जाड येतात. त्या काढून ०.५ मि.मी.च्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी लावा. ब्रेकमन चालत्या गाडीत, पावसात, बर्फात याच फळ्यांवरून पळत जाऊन एकेका डब्याचं चाक पिळत असे. या फळ्या बारीक झाल्या की त्याच्या पायाखाली किती कमी जागा होती ते मॉडेलमध्येही जाणवतं.

कडी-खिळीची जोडणी दाखवायची इच्छा असेल तर ती एखाद्याच डब्यावर, आणि जो डबा साइडिंगला उभा राहणार त्यावर दाखवा. रोज शंटिंग करायच्या डब्यांना केडी लावा.

रंग आणि अक्षरं

त्या काळच्या मालडब्यांचा सर्वांत प्रचलित रंग म्हणजे लोह ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी. आपल्याकडे खिडकीच्या गजांना जो रेड ऑक्साइड लावतात त्याच कुळातला. पण हार्डवेअरच्या दुकानातला तो डबा मॉडेलला वापरू नका, थर जाड बसतो आणि त्यातलं थिनर प्लॅस्टिक खातं. चित्रकलेचे अ‍ॅक्रिलिक रंग चालतात: बर्न्ट सिएनात थोडा लाल आणि अगदी कणभर काळा, पाण्यानं दुधासारखा पातळ करून तीन-चार थर. कवच आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. प्रत्येक डब्याची छटा किंचित वेगळी ठेवा. सगळे डबे एकाच दिवशी रंगवलेले नसत. सांगाडा आणि बोग्या काळ्या न करता मातकट गडद तपकिरी केल्या तर खालचं काम दिसतं. इतकी मेहनत घेतलेल्या ट्रस रॉडना काळोखात लपवू नका.

अक्षरं पांढरी. घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. त्यावर उपाय म्हणजे पांढऱ्या डिकल (पाण्यात भिजवून डब्यावर सरकवायची पातळ छापील पट्टी) कागदावर डब्याच्याच रंगाची पार्श्वभूमी छापायची आणि अक्षरांची जागा कोरी ठेवायची. छटा जुळवायला दोन-तीन चाचण्या लागतात, पण निकाल चांगला येतो. नाहीतर तयार डिकल घ्या. कंपनीचं नाव किंवा आद्याक्षरं, क्रमांक आणि क्षमता, एवढं १८९०च्या डब्याला पुष्कळ. डिकल लावण्याआधी त्या जागेवर चमकदार वॉर्निश हवं, नाहीतर कडेनं पांढुरकी झाक दिसते. डिकल वाळताना फळ्यांच्या खाचांत कटरनं हलकेच छेद द्या आणि मऊ करणारं द्रावण लावा, म्हणजे अक्षरं रंगवल्यासारखी खाचांत उतरतात. वर मॅट थर.

धुळीसाठी फिक्या तपकिरीचं अगदी पातळ पाणी वरून खाली ओढा. तुळयांच्या कडेला, बोग्यांवर थोडं जास्त. नव्या डब्यावर गंज नको.

वजन आणि चाचणी

हलका डबा वळणावर आत ओढला जाऊन रुळावरून उतरतो. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी अशी: मुळात एक औंस, अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. ३४ फुटी डब्यासाठी ते सुमारे ९५ ग्रॅम होतात. बॉक्सकारमध्ये नट-वॉशर आत जमिनीवर पसरून चिकटवले की काम होतं. दोन्ही बोग्यांवर सारखे हवेत. फ्लॅटकार अवघड. तुळयांच्या मधल्या खोबणीत शिशाचा पत्रा बसवला तरी साधारण ६० ग्रॅमपर्यंतच पोचतो. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा आणि ते घासून त्याची भुकटी करू नका. उरलेलं वजन मालात लपवा. कापीव लाकडाचा ढीग बाहेरून पट्ट्यांचा, आतून पोलादी नटांचा. मुळात गाडीतले सगळे डबे एकमेकांच्या जवळपास वजनाचे असणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची लावा; ती कमी घाण धरतात आणि आवाजही खरा येतो. चाकांमधलं अंतर मापकानं तपासा. एका बोगीचा स्क्रू असा घट्ट करा की ती फक्त वळेल, डोलणार नाही. दुसरीचा सैल, म्हणजे ती चहूकडे डोलू शकेल. डबा मग तीन बिंदूंवर उभा राहतो आणि रूळ थोडे उंचसखल असले तरी चारही आस टेकतात.

चाचणी घेताना डबा इंजिनामागे नाही, इंजिनापुढे लावा आणि ढकला. तुमच्या सर्वांत तीव्र वळणावरून, मग सांध्यांवरून, आधी सावकाश आणि नंतर जरा वेगानं. ढकलताना उतरला नाही तर ओढताना उतरणार नाही. उतरला तर जागा लक्षात ठेवून दुसरा डबा तिथूनच न्या: तोही उतरला तर दोष रुळाचा, नाही उतरला तर बोगीचा स्क्रू, चाकाचं अंतर आणि सळीला घासणारी कड या क्रमानं तपासा. कपलर खाली झुकत असेल तर पेटीत पातळ स्टायरीनचा तुकडा सरकवा.

पहिला फ्लॅटकार धावू लागला की तिसऱ्या डब्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही. तोच सांगाडा पुन्हा बांधा, खुंटांच्या खोबणीत खुंट बसवा आणि आतून तीन आडव्या फळ्या लावा. कोळसा आणि दगड नेणारा गोंडोला तयार होतो. त्याचा क्रमांक फ्लॅटकारहून वेगळा द्या आणि तुमच्या वहीत डब्याचं साल, ब्रेकचा प्रकार, कपलर आणि वजन लिहून ठेवा. दहा डबे झाल्यावर कुठल्याला काय लावलं होतं ते नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही.